गवत सोडायचं नाही

संपादकांचा फोन आला, "तुमच्या नोकरीतले धक्कादायक अनुभव लिहा." मी म्हटलं, पशुधन पर्यवेक्षकाच्या नोकरीत धक्का म्हणजे म्हशीची लाथ. ती मला सात वेळा बसली आहे, त्यातल्या दोन एकाच म्हशीच्या. ते मनमोकळं हसले आणि हेच लिहा म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र मला हसू येईना, कारण धक्का म्हटल्यावर मला लाथ आठवलीच नव्हती. आठवला होता तो ओल्या गवताचा एक ढीग.

आधी माझी नोकरी काय होती ते सांगतो. पशुधन पर्यवेक्षक हा गुरांचा डॉक्टर नसतो. डॉक्टरच्या हाताखालचा असतो. पण गावात जो कोणी गुराला सुई टोचतो तो डॉक्टर. पहिली चार-पाच वर्षं मी लोकांना समजावत होतो, "बापा, मी डॉक्टर नाही." नंतर नाद सोडला. लसीकरण, कानातले बिल्ले, अडलेल्या गाई अशी नेहमीची कामं होतीच, पण माझा जीव रमायचा तो वैरण विकासात. म्हणजे गुरांना खायला चांगला चारा कुठून आणायचा यात. ऑफिसात मला मागून 'गवत्या' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

गायरान सुधारायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नांगर येतो. तीच मोठी चूक. आपल्या बुलडाण्याकडच्या उताराच्या मुरमाड गायरानावर नांगर घातला तर पहिल्याच मोठ्या पावसात माती खाली जाते. तिथे जे पवन्या, मारवेल, कुसळ असं गवत उभं असतं, तेच ती जमीन धरून ठेवतं. तेव्हा आहे त्या गवताला हात लावायचा नाही. त्याच्या मधल्या मोकळ्या जागेत शेंगवर्गी चाऱ्याचं बी वरून फेकायचं. गवतानं पोट भरतं आणि शेंगवर्गी चाऱ्यानं अंगी लागतं. दोन्ही एकमेकांच्या सोबतीनं वाढतात. सगळी विद्या एवढीच.

हिवरा आश्रमाकडच्या एका तरुण शेतकऱ्यानं एकदा मला मोबाइलवर परदेशातलं कुरण दाखवलं. गुडघाभर हिरवं गवत, त्यात पांढरी गोंडेदार फुलं आणि धष्टपुष्ट गाई. "डाक्टर, हे क्लोव्हर मले पाह्यजे," तो म्हणाला. त्याची विहीर डिसेंबरातच तळ दाखवते हे मला माहीत होतं. त्याला सांगितलं, या फुलाचं आपल्याकडचं भावंड म्हणजे बरसीम, आणि त्याला हिवाळाभर पाणी लागतं. तुझ्या माळावर चालेल ते हमाटा. तीन-तीन पानांचं, बारीक पिवळ्या फुलाचं, वीतभर दिसणारं पण चिवट. त्यानं हमाट्याचा फोटो पाहिला आणि मुलगी पाहायला आलेल्यानं पोहे न खाताच उठून जावं तसा निघून गेला.

हमाट्याचं बी फार टणक असतं. तसंच पेरलं तर निम्मं झोपूनच राहतं. म्हणून पेरण्याआधी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवायचं. जानेफळच्या एका गृहस्थांना मी हे सांगितलं. आठवड्यानं गेलो तर शेतात काहीच नाही. विचारलं, गरम पाण्यात घातलं होतं का? "हाव न," ते म्हणाले, "चांगलं तासभर चुलीवर ठेवलं. बोटानं दाबून पाह्यलं, शिजलं व्हतं." मी डोक्याला हात लावला. पण घरी येताना वाटलं, गरम म्हणजे किती गरम आणि किती वेळ, हे मी सांगितलं होतं का? नव्हतं. त्या दिवसापासून मी सांगायला लागलो की बोट बुडवताच मागे घ्यावं लागेल इतकं गरम, आणि हळूहळू चार मिनिटं मोजायची. मला वाटलं, आता आपण शब्द जपून वापरायला शिकलो.

आता त्या ढिगाकडे येतो.

जानेफळपासून आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीत चूक माझी आहे आणि नाव मात्र गावाचं होईल. गावाला बारा एकर गायरान, उताराचं, खरवडून खाल्लेलं. योजना आली होती. चर खणायचा, काटेरी कुंपण करायचं, बी टाकायचं आणि दिवाळीपर्यंत एकही जनावर आत जाऊ द्यायचं नाही. गावाची संमती हवी होती. ज्यांच्याकडे शेतं होती ते लगेच हो म्हणाले, कारण त्यांची गुरं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चरत. अडवलं ते सुमनबाईंनी.

सुमनबाई बौद्ध वस्तीतल्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर, नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. जमीन एक गुंठा नाही. चौदा शेळ्या होत्या, आणि ते गायरान हेच त्यांचं शेत. दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाणाऱ्या बायांच्या टोळीच्या त्या म्होरक्या होत्या. सभेत त्या उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "दिवाळीलोक माह्या चौदा शेळ्या काय तुमच्या हापिसात आनून बांधू?"

लोक हसले. मी हसलो नाही. त्यांना म्हणालो, "या गवतात काही दम राहिलेला नाही, बाई. नवीन बी टाकू. दिवाळीला पहिला विळा तुमचा. उन्हाळ्यापर्यंत चौदा शेळ्यांना पुरेल इतका चारा कापून न्याल."

"शबूद देता?"

"दिला."

त्या खाली बसल्या. संमतीचा ठराव झाला तो त्यांच्या खाली बसण्यानं. मधल्या चार महिन्यांसाठी त्यांनी पाच शेळ्या विकल्या आणि उरलेल्या नऊ बाभळीच्या, बोरीच्या डहाळ्यांवर दारात बांधून जगवल्या. रोज कामावरून येताना डोक्यावर डहाळ्यांचा भारा आणायच्या.

बी टाकायचा दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात देखणा दिवस. हमाट्याचं बी बारीक असल्यामुळे चाळलेल्या मातीत कालवून फेकलं. मागून काटेरी फांद्या ओढल्या, म्हणजे जमीन जराशी ओरबाडली जाते. मग बी दाबायला रोलर कुठून आणणार? मी सुमनबाईंना म्हणालो, "तुमच्या शेळ्या आणा. शेवटचं एकदा." नऊ शेळ्या आणि गावातल्या आणखी काही, सगळ्या उतारावरून दोनदा फिरवल्या. त्यांच्या खुरांनी बी मातीत बसलं. सुमनबाई सगळ्यांना सांगत होत्या, "पेरनी माह्या शेळ्याईनं केली." चराच्या बांधावर आम्ही मारवेलचे ठोंब लावले. ठोंब म्हणजे गवताचा मुळासकट उपटलेला झुपका. त्याचे चार भाग करायचे, कांद्याच्या रोपासारखे ओल्या जमिनीत खोचायचे, पाऊस असला की आठ दिवसांत ते पुन्हा उभे राहतात. ते काम त्याच बायांनी एका दुपारी उरकलं. त्यांच्या हाताचा वेग बघत मी नुसते ठोंब पुरवत राहिलो.

काम संपल्यावर मला भाषणाचा मोह आवरला नाही. दगडावर उभा राहून साहेबी मराठीत बोललो, "बायांनो, हे बी म्हणजे पीक समजा. कपाशीला जपता तसं याला जपा. मी असो नसो, तुमचं लक्ष पाहिजे. आणि एक विसरू नका. गवत सोडायचं नाही!"

मला म्हणायचं होतं, या गवताला वाऱ्यावर सोडू नका, राखण करा. टाळ्या पडल्या. मी मोटारसायकलला किक मारली.

त्यानंतर लम्पीची साथ आली. गुरांच्या अंगावर गाठी उठत होत्या. मला लसीकरणासाठी दुसऱ्या तालुक्यात पाठवलं आणि महिनाभर मला गावाकडे बघायलाही वेळ मिळाला नाही. पोळ्याच्या आधी एक दिवस सुमनबाईंचा फोन आला. "डाक्टर, एकडाव येऊन पाहाच. काई सांगत नाई. आल्यावर खूश व्हसान."

मी दुसऱ्याच दिवशी निघालो. चार दिवस झड लागलेली होती, अंगावर बारीक पाऊस होता. वाटेत मी मनात चित्र काढत होतो. गुडघाभर पवन्या, त्यातून डोकावणारी पिवळी फुलं. शेवटचं वळण घेतलं आणि माझ्या हातून ब्रेक करकचून दाबला गेला.

समोर तांबडी जमीन होती. बारा एकर उघडी, स्वच्छ, अंगण झाडावं तशी. त्या तांबड्या मातीत लांब-लांब अंतरावर हमाट्याची वीत-वीत रोपं एकटी उभी होती. गवताची काडी नाही. पवन्या नाही, मारवेल नाही. कुणी आग लावली म्हणावं तर जळाल्याची खूण नाही. गुरं घुसली म्हणावं तर हमाटा शाबूत. काय झालंय ते मला खरोखरच कळेना. 

चराजवळ तीस-बत्तीस बाया रांगेत उभ्या होत्या. हातात खुरपी, डोक्यावर पोत्याच्या खोळी. सुमनबाई पुढे आल्या. चेहरा असा फुललेला की मी तो कधी विसरणार नाही.

"पाहा डाक्टर, एक काडी सोडली नाई. तुम्ही म्हनले व्हते न, गवत सोडायचं नाई. मुळासगट काढलं. काल सांजंलोक निंदत व्हतो. आठ दिस आम्ही कोनाच्याच वावरात गेलो नाई."

निंदणाचा ऐन हंगाम, सगळ्या शेतांतून बोलावणी, आणि या बत्तीस जणींनी आठ दिवसांचा रोज बुडवला होता. माझ्यासाठी. माझ्या एका वाक्यासाठी.

त्या क्षणी मला ते वाक्य त्यांच्या कानांनी ऐकू आलं. कपाशीच्या ओळींमागे उभा असलेला शेतकरी दिवसभर हेच म्हणत असतो, "बायाहो, गवत सोडू नका." निंदणाऱ्या बाईच्या तोंडी गवत म्हणजे तण. लावलं ते पीक आणि आपोआप उगवलं ते गवत. मी वरवट बकाल या गावचा. माझी आई आयुष्यभर निंदायला जायची. संध्याकाळी तिच्या बोटांच्या चिरांत हिरवं भरलेलं असायचं आणि ती म्हणायची, "आज लय गवत व्हतं रे." हा शब्द मी आईच्या हातावर वाचलेला, आणि ऑफिसात बसून बसून तोच विसरलो! गवत म्हणजे चारा, गवत म्हणजे संपत्ती, असं कागदावर लिहून लिहून मला वाटायला लागलं होतं की जगालाही तसंच वाटतं.

सुमनबाई बांधाकडे बोट दाखवत होत्या, "तितलं मारवेल ठेवलं. ते तुम्ही लावेल हाय." म्हणजे त्यांनी विचारही केला होता. त्यात कुठेच चूक नव्हती. नंतर कळलं की एका म्हाताऱ्यानं त्यांना हटकलं होतं, गायरानातलं गवत काऊन काढून राह्यल्या म्हणून. बायांनी त्याला उत्तर दिलं होतं, "डाक्टरनं सांगतलं." तो बिचारा निघून गेला.

 मागे काहीतरी मऊ होतं त्यावर मी बसलो. तो उपटलेल्या गवताचा ढीग होता, कमरेएवढा. असे ढीग सगळ्या उतारावर होते. माझी पँट भिजली.

"काऊन डाक्टर, बोलून नाई राह्यले?" सुमनबाई म्हणाल्या. "काई चुकलं काय?"

बत्तीस चेहरे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही, नाही. छान. फार छान केलंत."

बाया हसल्या. कुणी नारळ आणला होता, तो फुटला. एका मुलीनं मोबाइलवर आमचा फोटो काढला आणि मलाही पाठवला. मी ढिगावर बसलेला आणि भोवती सगळ्या उभ्या. चहा झाला. मी निघालो आणि जानेफळच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी लावून बराच वेळ तसाच उभा राहिलो. मी स्वतःला सांगितलं, त्यांचं मन मोडणं बरं नव्हे. पाऊस बेतानं पडला तर हमाटा पसरेल आणि जमीन धरेल. निसर्गाला माझी काळजी असल्यासारखा मी विचार करत होतो.

झड आणखी सात-आठ दिवस राहिली, मग उघडीप पडली. गवताचे ढीग वाळले. आणि त्यानंतर एका दुपारी जो पाऊस कोसळला, तो तासाभरात बारा एकरांवरची माती घेऊन गेला. हमाट्याची मुळं अजून कोवळी होती. मी गेलो तेव्हा चर गाळानं काठोकाठ भरला होता आणि उतारावर मुरूम उघडा पडला होता. पुन्हा तोच सुन्न करणारा तांबडा रंग. फक्त बांधावरचे मारवेलचे ठोंब जागच्या जागी होते. मी अहवालात 'अतिवृष्टीमुळे' असा शब्द लिहिला. गावात म्हणालो, "पावसापुढे कुणाचं चालतं?" गावानं ते मानलं. मी डाक्टर होतो ना!

दिवाळीला विळा लावायला काही नव्हतं. सुमनबाईंनी नऊपैकी सात शेळ्या जानेफळच्या बाजारात विकल्या. मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. भेटल्या तेव्हा उलट म्हणाल्या, "तुम्ही काय करान डाक्टर, पानीच तसं झालं." त्यांच्या त्या समजूतदारपणानं मला लाथेपेक्षा जास्त लागलं. पुढं माझी बदली झाली आणि मग मी निवृत्त झालो.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा माझं पहिलं पान पुढे सरकेना. जे मी सुमनबाईंना सांगितलं नाही ते चार अनोळखी लोकांना छापून कसं सांगू? म्हणून गेल्या महिन्यात एस.टी.नं जानेफळला उतरलो आणि तिथून एका रिक्षानं गावात गेलो. बाई दारातच होत्या. केस पांढरे झालेले, बांध्यानं बारीक झालेल्या. दारात चार शेळ्या होत्या. "या बसा डाक्टर," म्हणाल्या, जणू मी कालच येऊन गेलो होतो.

चहा पिऊन झाल्यावर मी सगळं सांगितलं. गवत या शब्दाचं, माझ्या भाषणाचं, ते गवतच जमीन धरून ठेवणारं होतं हे, पाऊस हे निमित्त होतं हे.  बाई शेळीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होत्या.  मग त्या एकदम ताठ झाल्या.

"मंजे तुम्हाले त्याच दिशी समजलं व्हतं?"

"हो."

"न् तुम्ही छान म्हनले."

"तुम्ही आठ दिवस राबला होतात. तुमच्या मनाला लागेल म्हणून..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.  मग एकेक प्रश्न विचारायला लागल्या, एखादी हरवलेली वस्तू शोधावी तशा.

"झड व्हती न त्या दिशी?"

"होती."

"मंग आनखी आठ दिस व्हती."

"होती."

"गवत आम्ही मुळासगट काढेल व्हतं. माती लागेल व्हती त्याले."

"हो."

"न् ढीग तितंच व्हते."

मला अजूनही कळलं नव्हतं. खरंच सांगतो, तोपर्यंत कळलं नव्हतं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"अहो डाक्टर, ते ठोंबच व्हते न! बांधावर लावले तसेच! आम्ही बत्तीस जनी खुरपे घेऊन उभ्या व्हतो. एक शबूद बोलले असते त दुसऱ्या दिशी परत लावून टाकलं असतं सारं."

  पस्तीस वर्षं मी गावोगाव ठोंब लावायला शिकवलं होतं. सुमनबाईंनाही मीच शिकवलं होतं.

"मनाले लागलं असतं," त्या म्हणाल्या, "त लागलं असतं. दोन दिस लागलं असतं. शेळ्या त राह्यल्या असत्या."

मग त्या उठल्या आणि शेळ्यांना पाणी दाखवायला गेल्या. मी बराच वेळ बसून राहिलो. त्यांनी जा म्हटलं नाही, आणि थांबाही म्हटलं नाही.

घरी येऊन मी मोबाइलमधला तो जुना फोटो शोधला. संपादकांनी लेखासोबत छापायला एक फोटो मागितलाच होता, तोच पाठवतो आहे. फोटोत मी मधोमध ढिगावर बसून हसतो आहे, बाजूला सुमनबाई खुरपं धरून उभ्या आहेत. नीट पाहिलंत तर माझ्या मांडीखालून बाहेर आलेली गवताची पांढरी मुळं दिसतील. त्यांना ओली माती लागलेली आहे.